धुक्याच्या पाच सकाळी

मे महिन्याच्या उन्हाने केडगावजवळ पुणे रस्त्यावरचं डांबर पाघळू लागलं होतं. त्याच वेळी, रस्त्याला लागून असलेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या तळमजल्यावर, काळे पडदे ओढलेल्या एका खोलीत, जानेवारीच्या पहाटेचं दाट धुकं पसरलं होतं. ते धुकं तीन मोठ्या स्क्रीनवर होतं आणि त्या स्क्रीनसमोर कानांवर हेडफोन चढवून आसाराम ठुबे बसला होता. सव्वीस वर्षं त्याने विमानतळाच्या टॉवरवरून विमानं उतरवली आणि चढवली होती. गेली तीन वर्षं तो निलंबित होता.

निलंबनाचं कारण एका वाक्यात सांगता येतं, आणि त्याच्याबाबतीत ते एका वाक्यात सांगितलं गेलं हाच त्याच्या मते अन्याय होता. परराज्यातल्या एका विमानतळावर, धुक्याच्या सकाळी, एक विमान उतरत असताना दुसरं विमान त्याच धावपट्टीवर शिरलं. त्या दुसऱ्याला आसारामने ‘थांबा’ असं बजावलं होतं. नियंत्रकाने सांगितलेलं वैमानिकाने जसंच्या तसं परत म्हणायचं आणि ते परत म्हटलेलं नियंत्रकाने कान देऊन ऐकायचं, असा या धंद्याचा दंडक आहे. त्याला रीडबॅक म्हणतात. त्या सकाळी दोन वैमानिक एकाच क्षणी बोलले. एकाचा आवाज दुसऱ्यावर चढला आणि आसारामच्या कानात शब्दांऐवजी नुसती शिट्टी आली. त्या शिट्टीलाच रीडबॅक समजून तो पुढच्या विमानाकडे वळला. ज्याला थांबायचं होतं त्याने मात्र ‘जा’ असं ऐकलं होतं. उतरणाऱ्या वैमानिकाने ऐन वेळी विमान पुन्हा वर ओढलं म्हणून दोन्ही विमानांतली माणसं वाचली. फक्त एक हवाई सेविका त्या हिसक्यात छतावर आपटली, आणि तिचा कणा मोडला तो कायमचा.

आसारामचं म्हणणं साधं होतं. ती शिट्टी अशी होती, की तिच्यात दोन आवाज आहेत हे कोणत्याही मानवी कानाला कळलं नसतं. हे सिद्ध झालं तर दोष माणसाचा नव्हे, यंत्रणेचा ठरणार होता आणि तो सन्मानाने टॉवरवर परत जाणार होता. सिद्ध झालं नाही तर बडतर्फी. याच्या मधली वाट समितीने ठेवली नव्हती.

सिद्ध करायचं कसं, याचं उत्तर त्याच्या घरातच होतं. हर्षल हा त्याच्या थोरल्या भावाचा मुलगा. भाऊ आणि भावजय टेम्पोच्या अपघातात गेले तेव्हा पोर पाच वर्षांचं होतं. आसारामने आणि सविताने ते आपलं म्हणून वाढवलं. आज तोच हर्षल विमानवाहतुकीच्या सुरक्षिततेसाठी सिम्युलेशन करणारं केंद्र चालवत होता. त्याच्या केंद्राचं वैशिष्ट्य असं, की ते एका जागी नव्हतं. टॉवर केडगावात होता. वैमानिकांचं काम करणारी मुलं अकोले गावातल्या एका महाविद्यालयात बसत. हवामान, धुकं आणि धावपट्टीवरची वाहनं शिर्डीतल्या एका भाड्याच्या गाळ्यातल्या संगणकांवर चालत. तिन्ही ठिकाणची यंत्रं एकमेकांना निरोप पाठवत आणि त्या निरोपांतून एक अख्खी सकाळ उभी राहत असे. एकाच खोलीत बसवलेली माणसं एकमेकांच्या तोंडाकडे पाहून उत्तर ओळखतात, खऱ्या आकाशात तोंडं दिसत नाहीत, म्हणून माणसंही दूर बसवली पाहिजेत आणि यंत्रंही. हा हर्षलचा सिद्धांत होता आणि तो बरोबर होता.

समितीने हा प्रयोग मान्य केला. सोमवार ते शुक्रवार, रोज एक सकाळ. रोजच्या वाहतुकीत ती जुनी घटना कुठेतरी लपवलेली असेल. विमानांची नावं बदललेली, वेळ बदललेली, जागा बदललेली. आसारामला आधी काही सांगितलं जाणार नव्हतं. समितीच्या वतीने देशमाने मॅडम मागच्या खुर्चीवर बसून पाहणार होत्या. पन्नाशीच्या, खादीची साडी नेसणाऱ्या या बाई प्रश्न विचारून झाला की उत्तर येईपर्यंत पापणी लववत नसत.

“काका, तुम्ही नेहमीसारखं काम करा,” हर्षलने सोमवारी सांगितलं होतं. “जास्त नाही, कमी नाही.”

आसारामने ते आशीर्वादासारखं ऐकलं.

सोमवारी शिट्टी आली तेव्हा त्याने ती पकडली. अर्धा क्षणही गेला नाही. त्याने दोन्ही विमानांना परत बोलायला लावलं, चूक उघडी पडली, उतरणारं विमान वर गेलं. मंगळवारी ती शिट्टी टॉवरमधला फोन वाजत असताना आली. तीही त्याने पकडली. बुधवारी शिर्डीच्या यंत्रांनी धुकं इतकं वाढवलं की स्क्रीनवर राखाडी रंगाशिवाय काही उरलं नाही. तरी त्याचा कान चुकला नाही. त्याचे खांदे तीन वर्षांत पहिल्यांदा सरळ झाले.

दुसऱ्या विमानाचा आवाज ज्ञानेश्वरीचा असे. अकोले तालुक्यातल्या डोंगरातल्या एका गावातून ती रोज जीपने महाविद्यालयात येई. तिच्यापुढच्या स्क्रीनवर ‘आता बोल’ अशी खूण आली की त्याच क्षणी बोलायचं, एवढंच तिचं काम होतं. पण ते तिने असं मनावर घेतलं होतं, की वैमानिकाची इंग्रजी वाक्यं ती अगदी खणखणीत म्हणत असे. फेरी संपली की मात्र लाइनवर तिची स्वतःची भाषा उतरे.

“सर, आज बी वाचिवलं तुमी आमाला. लई भारी!”

“तुला कळतं का, तू दर वेळी मरता मरता वाचतेस ते?”

“व्हय की. आईला सांगितलं तर म्हनली, असलं कसलं शिक्षान, रोज मरायचं?” ती हसली. “सर, एक इचारू? पावसाळ्यात आमच्या भातखाचरात बगळं उतरत्यात, येकदम पन्नास-साठ. कदी धडकत न्हाईत. त्यांला कोन सांगतं थांबा म्हनून?”

“त्यांना समितीपुढे उत्तर द्यायचं नसतं, म्हणून धडकत नाहीत.”

मागे देशमाने मॅडम बसल्या आहेत हे बोलून गेल्यावर त्याच्या ध्यानात आलं. त्याने वळून पाहिलं. मॅडमनी पापणी लववली नव्हती.

ज्ञानेश्वरीला नियंत्रकाची परीक्षा द्यायची होती. केंद्रात वर्षभर बिनचूक काम केलं तर हर्षल सर शिफारस करणार होते आणि त्या शिफारशीवर मुंबईतल्या एका प्रशिक्षणवर्गात जागा मिळणार होती. आसारामने तिला सांगितलं होतं, की तिचा आवाज या कामासाठीच घडला आहे. ते त्याने खोटं सांगितलं नव्हतं.

गुरुवारीही त्याने विमान वाचवलं. दुपारी हर्षल जेवायला घरी आला. सविताने शेंगोळे केले होते.

“चार दिस झालं,” ताटात वाढता वाढता ती म्हणाली. “चारी बारी ह्यांनी इमान वाचिवलं. मंग आता सोडत्याल ना रं ह्यांना?”

हर्षलने घास खाली ठेवला. तो कधी आवाज चढवत नसे. दुसऱ्याचं मत इतकं मनावर घेण्याची त्याला कधी गरजच पडली नव्हती.

“काकू, वाचवलं म्हणूनच सोडणार नाहीत.”

“म्हंजी?”

“काकांचं म्हणणं काय आहे? ती शिट्टी कोणालाच कळली नसती. चार दिवस ती त्यांना कळते आहे. म्हणजे ती कळण्यासारखी आहे. कळण्यासारखी असूनही त्या दिवशी कळली नाही, तर दोष कोणाचा?”

आसारामच्या हातातली वाटी तशीच राहिली. पहिल्यांदा त्याला वाटलं, पोरगा थट्टा करतो आहे. मग त्याने हर्षलच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि थट्टेचा विचार सोडून दिला.

“हे तुला सोमवारी ठाऊक होतं?”

“प्रयोगाची मांडणी केली तेव्हापासून ठाऊक होतं.”

“आणि तू बोलला नाहीस.”

“बोललो असतो तर तुम्ही मुद्दाम चुकला असता. माझं केंद्र खोटं पडलं असतं. काका, कसलेल्या माणसालाही जिथे विमान वाचवता येत नाही, तसलं सिम्युलेशन प्रशिक्षणाला कोण घेईल? तुम्ही चार वेळा वाचवलंत, त्यावर मला मान्यता मिळते आहे. उद्याची फेरी निव्वळ उपचार आहे.”

“अरे, तीन वर्षं माझ्या कानात तीच शिट्टी वाजते आहे!” आसारामचा आवाज चिरला. “जेवताना वाजते, झोपेत वाजते. दुसरं काही ऐकायचंच मी विसरलो आहे. हा आजचा कान आहे. त्या दिवशी हा कान माझ्याजवळ नव्हता!”

“मला मान्य आहे,” हर्षल म्हणाला. “पण यंत्रात धुकं भरता येतं, आवाज भरता येतो. तीन वर्षांपूर्वीचे काका भरता येत नाहीत.”

या युक्तिवादात चूक कुठे आहे ते आसाराम शोधत राहिला. चूक होती, एखाद्या माणसाची शिक्षाच त्याच्या गुन्ह्याचा पुरावा म्हणून वापरली जात होती. पण ते शब्दांत बांधून समितीपुढे मांडण्याइतकी उसंत त्याच्याजवळ नव्हती, आणि समोर बसलेल्याला ते मांडण्याची इच्छा नव्हती.

लहानपणी हर्षल दुकानात निघाला की आसाराम त्याला उंबऱ्यावर थांबवत असे. काय आणायचं, किती, कुठून, कोणत्या रस्त्याने परतायचं, हे सगळं पोराकडून म्हणवून घेतल्याशिवाय त्याला बाहेर सोडत नसे. एक शब्द इकडचा तिकडे झाला तर पुन्हा पहिल्यापासून. शेजारची पोरं जमून हसत. सविता म्हणे, पोराला विमान करू नका. आसारामला ते प्रेम वाटत होतं.

“समजलं ना तुम्हाला?” हर्षलने शांतपणे विचारलं. “मग परत म्हणा, काका.”

“हर्षल!” सविता ओरडली. “लाज न्हाई वाटत?”

“परत म्हटल्याशिवाय समजलं असं धरायचं नाही, हे मला यांनीच शिकवलं. म्हणा.”

सविताने पळी आपटली आणि ती स्वयंपाकघरात निघून गेली. आसारामने ताटाकडे पाहिलं. मग, का ते त्याला स्वतःलाही सांगता आलं नसतं, तो बोलला. “चार वेळा वाचवलं, म्हणून मी दोषी.”

“बरोबर,” हर्षल म्हणाला आणि जेवू लागला.

शुक्रवारी सकाळी आसारामने दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला आणि वाटेत स्वतःशी ठरवून टाकलं. आज शिट्टी येईल तेव्हा तो गप्प बसणार होता. पाचांत एकदा जरी कसलेला कान चुकला तरी ‘कोणाचाही चुकू शकतो’ असं म्हणायला जागा उरेल, एवढाच त्याचा हिशेब होता. स्क्रीनवरची विमानं म्हणजे रंगीत ठिपके. त्यांत माणसं नाहीत, कणे नाहीत. हे त्याने स्वतःला केडगावच्या वेशीपासून महाविद्यालयाच्या फाटकापर्यंत बजावलं.

फेरी सुरू झाली. धुकं आलं. विमानं एकामागून एक बोलू लागली आणि तो एकेकाला मार्ग देऊ लागला. अर्धी सकाळ उलटल्यावर त्याने ज्ञानेश्वरीला धावपट्टीबाहेर थांबायला सांगितलं, आणि कानात शिट्टी आली.

त्याने दोन्ही हात गुडघ्यांखाली दाबून धरले. जीभ आपोआप उचलली गेली. तिला त्याने दातांखाली धरलं. धुक्यात डावीकडून एक पिवळसर दिवा पुढे सरकला. ती धावपट्टीवर शिरत होती. उजवीकडे, वर, दोन पांढरे दिवे मोठे होत होते. एक वाक्य पुरेसं होतं. ते वाक्य त्याच्या तोंडात अख्खं तयार होतं. सव्वीस वर्षांच्या सवयीने त्याच्या पायाने फळीवर ठेका धरला, तोही त्याने थांबवला. तोंडात रक्ताची चव आली.

पांढरे दिवे पिवळ्या दिव्यावर उतरले. तिन्ही स्क्रीन एकदम गोठल्या, आणि वरच्या कोपऱ्यात फेरी संपल्याची लाल पट्टी उमटली.

 लाइनवर बारीक आवाज आला. “सर? तुमी हाय ना तिथं? बरं हाय ना तुमाला?”

“आहे,” आसाराम म्हणाला.

देशमाने मॅडम खुर्ची ओढून त्याच्या शेजारी आल्या. “शिट्टी ऐकू आली?”

“आली. पण तिच्यात दोन आवाज आहेत हे कळलं नाही. तेच तर मी तीन वर्षं सांगतो आहे, मॅडम. कोणालाही कळलं नसतं.”

“तुम्हाला चार वेळा कळलं. तेच कान, तेच धुकं, तीच शिट्टी.” मॅडम सावकाश बोलत होत्या, समोरच्याला लिहून घ्यायचं असावं तशा. “पाचही दिवस तुम्ही वाचवलं असतं तर मी म्हटलं असतं, या माणसाला धास्तीने तयार केलं आहे, ही परीक्षा निर्णायक नाही. माझ्या मनात तशी शंका होती. पण आज तुम्ही चुकलात. म्हणजे धास्तीने कान तयार झालेला नाही. तुम्ही लक्ष देता तेव्हा तुम्हाला कळतं. लक्ष उडतं तेव्हा कळत नाही. आमच्याकडे यालाच निष्काळजीपणा म्हणतात.”

आसारामने हर्षलकडे पाहिलं. हर्षल बाजूच्या टेबलावर स्वतःच्या स्क्रीनकडे पाहत होता. मॅडमच्या मनातली शंका त्यालाही ठाऊक नसावी, किंवा असेल. ते आता विचारण्यात अर्थ नव्हता.

“मॅडम, मी मुद्दाम गप्प बसलो,” आसाराम म्हणाला. “मला कळलं होतं. शपथेवर सांगतो, पहिल्या क्षणी कळलं होतं.”

“दोन विमानं एकमेकांवर जात आहेत हे कळूनही तुम्ही गप्प बसलात?”

“ती खरी विमानं नव्हती.”

“मघाशी तुम्ही मला सांगितलंत, कळलं नाही. तेही खरं नव्हतं तर.” त्यांनी मान किंचित कलती केली. “स्वतःच्या फायद्यासाठी नियंत्रक अपघात होऊ देतो, असं विधान तुम्हाला नोंदवायचं असेल तर मी नोंदवते. मग प्रश्न निष्काळजीपणाचा उरणार नाही. पोलिसांचाही होऊ शकेल. नोंदवू?”

“काका,” हर्षल हळूच म्हणाला, “हे मागे घ्या.”

“मागे घेतो,” आसाराम म्हणाला.

लाइन अजून चालूच होती. अकोल्याहून सगळं ऐकू जात असलं पाहिजे, किंवा अर्धवट ऐकू जात असलं पाहिजे. कारण ज्ञानेश्वरी घाबऱ्या आवाजात मधेच बोलली. “सर, माझी काय चुकी झाली का? खुणंच्या आधीच बोलले का मी? म्हनून कळलं न्हाई का तुमाला?”

आसारामच्या छातीत काहीतरी उसळलं, आणि ते काय आहे हे पाहायला तो थांबला नाही. तीन वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी आपण होऊन दोष मागत होतं.

“हो,” तो म्हणाला. “लवकर बोललीस. आज शिट्टी नेहमीसारखी नव्हती. मॅडम, ही मुलगी लवकर बोलली. ही फेरीच खरी धरता येणार नाही.”

“हर्षल, पाहून सांगा,” मॅडम म्हणाल्या.

हर्षलने दोन कळा दाबल्या. त्याच्या स्क्रीनवर दोन आवाजांच्या दोन पट्ट्या एकाखाली एक उमटल्या. आसाराम बसला होता तिथून त्या स्वच्छ दिसत होत्या. दोन्ही पट्ट्या एकाच उभ्या रेषेवर सुरू होत होत्या. एका केसाचंही अंतर त्यांत नव्हतं. मॅडमच्या खुर्चीवरून स्क्रीन तिरपी पडत होती. हर्षलने मान वर केली आणि काकाकडे पाहिलं. पाच वर्षांचा असताना रात्रभर तापात या माणसाच्या मांडीवर पडून तो असाच वर पाहत राहिला होता.

“थोडी लवकर बोलली आहे,” हर्षल म्हणाला. “फेरी बाद.”

“ठीक,” मॅडम म्हणाल्या. “मग चार उरल्या. चारही वेळा ठुबेंना शिट्टीतले दोन आवाज कळले. ते कळण्यासारखे होते.”

“पण तुमची शंका होती ना?” आसाराम अर्धवट उठला. “तुम्हीच म्हणालात, धास्तीने तयार झालेला कान... परीक्षा निर्णायक नाही...”

“ती शंका मला तुमच्याविषयी विश्वास होता तेव्हाची होती. एका सकाळीत तुम्ही मला तीन वेगवेगळी उत्तरं दिलीत.” त्यांनी पर्स उचलली. “मुलीविषयीचं तुमचं विधान तरी कायम आहे, की तेही मागे घेणार?”

हर्षलने मायक्रोफोन स्वतःकडे ओढून घेतला होता. तो नेहमीच्याच सपाट आवाजात ज्ञानेश्वरीला सांगत होता, की वेळ चुकणारा माणूस या कामाला उपयोगाचा नाही, तिने सोमवारपासून येऊ नये, तिच्या जागी दुसरी मुलगी बसेल, आणि शिफारशीचा विषय आता उरत नाही.

“पन सर, मी खूण बघूनच...” ज्ञानेश्वरी म्हणाली. मग ती थांबली. “ठुबे सर म्हनले व्हय, लवकर बोलले म्हनून? ठुबे सरांनी सोता सांगितलं?”

हर्षलने आसारामकडे पाहिलं. देशमाने मॅडमही दारात थांबून उत्तराची वाट पाहत होत्या.

“कायम आहे,” आसाराम म्हणाला.

“मंग चुकलंच आसंल माझं,” ज्ञानेश्वरी म्हणाली. “त्यांचा कान न्हाई चुकायचा.”